बागवान सरांचा कोरिया

बागवान सरांना कोणीही काही सांगायला लागलं की ते हात वर करून आधी त्याला थांबवत आणि विचारत, "पाहिलं का ऐकलं?" नेकनूरच्या पुढं बस पलटी झाली. पाहिलं का ऐकलं? अमक्याच्या शेतात गुप्तधन निघालं. पाहिलं का ऐकलं? बहुतेक वेळा ऐकलेलंच असे. मग सर शांतपणे म्हणत, "ज्यानं पाहिलं त्याला घेऊन या. तवर मी मंचुरियन खातो." आणि खरोखरच खात बसत. अंबाजोगाईत बातमी आणणाऱ्या माणसाचा एवढा अपमान दुसरं कोणी करत नसे, त्यामुळं माझ्या गाडीसमोरच्या बाकावर सरांच्या शेजारची जागा बहुधा रिकामीच राही.

माझी गाडी म्हणजे कॉलेजच्या फाटकाजवळची चायनीजची हातगाडी. मी मूळचा नेपाळातल्या इलामचा, नाव तिलक राई. सातवीत शाळा सुटली, मग कामामागं फिरत फिरत हडपसरला एका ओडिया आचाऱ्याच्या हाताखाली मंचुरियन शिकलो आणि एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या ट्रकमधून इथं येऊन उतरलो. चीन मी पाहिलेला नाही. तरी गाडीवर ड्रॅगन होता, आणि गावात मला कोणी 'चायनीज' म्हणे, कोणी 'बहादूर'. माझी तक्रार नव्हती. परक्या गावात कोणत्या का नावानं होईना, हाक येतेय तोवर बरं. हाक यायची थांबली की समजावं, गाडी हलवायला सांगणार आहेत. पुढं कॉलेजातल्या पोरी मोबाइलवर कोरियन मालिका बघायला लागल्या आणि माझ्या नूडल्सकडं बघून नाक मुरडायला लागल्या, तेव्हा मी पेंटरकडून पाटीवर 'चायनीज'च्या पुढं 'व कोरियन' घालून घेतलं. पदार्थ तेच. वरून शेंगदाण्याचा कूट भुरभुरवला की कोरियन.

सर पहिल्यांदा आले ते ती पाटी वाचून. कोरियन काय काय आहे म्हणून विचारलं, मी कूट घालून दिलं. त्यांनी चमच्यानं कूट बाजूला सारला, निरखून पाहिला आणि म्हणाले, "हे तिथं घालतात?" मी कढईकडं बघत राहिलो. मला वाटलं, हा माणूस नगरपालिकेचा असणार. पण सर हसले. म्हणाले, "घाबरू नका. माझंबी दुकान हेच हाय."

त्यांचं दुकान म्हणजे त्यांचा प्रबंध. विषय होता, फ्रेंच भाषेतल्या साहित्यात कोरिया कसा दिसतो. अंबाजोगाईत बसून, फ्रान्स न पाहिलेला माणूस, कोरिया न पाहता, कोरिया धड न पाहिलेल्या फ्रेंच लोकांबद्दल मराठीत लिहीत होता. हे मी म्हणत नाही, सर स्वतःच असं सांगत आणि वर विचारत, "आता सांगा, तुमच्या मंचुरियनमधी जास्त भेसळ का माझ्या प्रबंधात?"

सरांचे वडील बसस्टँडजवळ फळांचा गाडा लावत. पोरगा रहीम शिकला, पुण्याला गेला. तिथं बीडचा म्हटलं की घरमालक आधी त्याच्या कमरेकडं बघत, काही खोचलंय का म्हणून. कमर रिकामी दिसली की मग नाव विचारत, आणि नाव ऐकलं की खोली नुकतीच गेलेली असे. "कमरेत पास झालो, नावात नापास," असं सर सांगत. फ्रेंचकडं ते वळले कारण त्या वर्गाच्या बाई पहिल्या दिवशी सगळ्यांना फ्रेंच नावं वाटून देत. वर्गात तरी नावाचा प्रश्न मिटला. आणि कोरिया आला तो रद्दीतून. जुन्या पुस्तकांच्या बाजारात किलोवर घेतलेल्या गठ्ठ्यात एक मागचं पान फाटलेलं फ्रेंच प्रवासवर्णन निघालं. सर म्हणत, "दुसरं पुस्तक घ्यायची ऐपत असती तर मी जपानवर केली असती पीएचडी."

गावी परत आले तेव्हा आमच्या कॉलेजात फ्रेंच नुकतंच सुरू होत होतं. संस्थेच्या अध्यक्षांना सगळा तालुका अण्णा म्हणतो. अण्णांना कोणीतरी सांगितलं होतं की बारावीला फ्रेंच घेतलं की मार्क पडतात, संस्कृतपेक्षाही जास्त. झालं, दुसऱ्या वर्षी फ्रेंच आलं. सर एकटेच शिकवणारे. तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याच तासांचा मेहनताना आणि सुट्टी लागली की काहीच नाही. कायमची जागा निघेल, निघेल असं म्हणता म्हणता सरांची दाढी पांढरी झाली. दर जूनमध्ये अण्णांसमोर उभं राहून ते तास मागून घेत. या कायमच्या जागेशिवाय सरांनी आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला माहीत नाही, आणि ही जागा मिळते की नाही याचीच ही सगळी गोष्ट आहे.

माझ्यावर सरांचं काय ऋण आहे ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे करायला तयार झालो ते कळेल. एका पावसाळ्यात मला कावीळ झाली. सरकारी दवाखान्यात भरती करताना नातेवाइकाची सही लागते. माझे नातेवाईक दोन हजार किलोमीटरवर. सरांनी फॉर्म घेतला, सही केली आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, भाऊ. खिडकीतल्या क्लार्कनं दोन्ही नावं वाचली, माझ्या तोंडाकडं बघितलं, सरांच्या दाढीकडं बघितलं. "सख्खे?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "दूध वेगळं हाय, मंचुरियन एक हाय." सरांच्या बायकोनं, भाभींनी, सतरा दिवस घरून भात पाठवला. त्या सतरा दिवसांत गाडी कोणी हलवू नये म्हणून सर रोज संध्याकाळी बंद गाडीसमोरच्या बाकावर जाऊन बसत, हे मला नंतर कळलं.

बरा झाल्यावर त्यांनी मला मराठी लिहायला लावलं. बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं. पद्धत त्यांची स्वतःची होती. मेनूच्या पाटीच्या मागच्या बाजूवर रोज खडूनं एक ओळ लिहायची, पण ती त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची. पहिल्या दिवशी मी लिहिलं, आज गर्दी खूप होती. सर म्हणाले, "गर्दी दिसत न्हाई, तिलकभाई. माणसं दिसतात. पुसा." मी पुसलं आणि लिहिलं, एका बाईनं चप्पल हातात घेऊन नूडल्स खाल्ले. सर म्हणाले, "आता झालं. चप्पल हातात कावून, ते उद्या शोधा." मला तिलकभाई म्हणणारा अख्ख्या गावात तो एकच माणूस होता.

प्रबंधही त्या बाकावरच लिहिला गेला, निदान मला तसं वाटतं. सर खाता खाता वाचलेलं सांगत, मी कांदा चिरत ऐके. सगळ्यात आधी कोरियात गेले फ्रेंच पाद्री. तिथं परदेशी माणसाला बंदी, सापडला तर मरण. पण त्या देशात एक रीत होती. ज्याच्या घरात मयत झाली तो माणूस सुतकाचे कपडे घाली आणि डोक्यावर टोपलीएवढी वेताची टोपी, तोंड झाकेल अशी. अशा माणसाशी कोणी बोलायचं नाही, तोंड बघायचं नाही. पाद्र्यांनी तेच सोंग घेतलं आणि देशभर फिरले. "आता इचार करा," सर म्हणत, "टोपलीखालून माणसाला काय दिसणार? पाय आणि चिखल. म्हणून त्यांच्या लिहिण्यात चिखल लई हाय."

मग बोटीवरचे आले. त्यांनी डेकवरून किनाऱ्याकडं पाहिलं तर पांढरे कपडे घातलेली माणसं बसलेली. लिहून टाकलं, हे लोक आळशी आहेत. सर म्हणत, "आपल्या चौकातले धोतरवाले दिसले असते तर लिहिलं असतं, हा देश कायम सुतकात असतो." त्याच बोटीवाल्यांनी कोरियाच्या राजाच्या एका बेटावरच्या ग्रंथालयातली पुस्तकं उचलून नेली. पिढ्यान्‌पिढ्या गेल्यावर परत दिली, तीही उसनी म्हणून. मुदत संपली की कोरियानं पुन्हा वाढवून मागायची. हे सांगताना सर हसत नसत. चमचा प्लेटवर ठेवून म्हणत, "दरसाल जूनला मी हेच करतो."

कोरियाला 'शांत सकाळचा देश' म्हणायची फ्रेंचांना इतकी सवय की दुपारी तीनला बोटीतून उतरलेला माणूसही सकाळ शांत होती असं लिही. आणि हल्लीच्या कादंबऱ्या? हल्लीचा लेखक विमानानं सोल शहरात जातो, हॉटेलात पंधरा दिवस राहतो. त्याला रंगीत दिवे दिसतात, एकटेपणा दिसतो आणि एक कोरियन पोरगी दिसते. ही पोरगी बोलत नाही. खिडकीतून बाहेर बघते. "कावून बोलत न्हाई?" असं सर मलाच विचारत आणि उत्तरही देत, "बोलली तर लेखकाला ऐकावं लागंल ना. ऐकलं की कादंबरी बिघडती."

नेकनूरची वैष्णवी त्यांची विद्यार्थिनी, होस्टेलवर राही. ती कोरियन मालिका तोंडपाठ असलेली. ती सरांशी बाकावर बसून भांडे. सर, तुमचे फ्रेंच खोटारडे आहेत, तिथं सगळं चकाचक असतं, पोरं गोरीपान असतात, पावसात छत्री धरतात, रडतानासुद्धा चांगली दिसतात. सर वहीत टिपून घेत. मग म्हणत, "पाद्र्यांनी टोपली घेतलती, तू मोबाइल घेतला. त्यांना चिखल दिसला, तुला छत्री दिसली. मधला माणूस दोघांनाबी न्हाई दिसला." वैष्णवी म्हणे, "सर, मग तुम्हाला दिसला का?" त्यावर सर पाणी पीत.

एका प्रकरणावर मात्र ते विनोद करत नसत. कोरियात जन्मलेली, लहानपणी फ्रान्स-बेल्जियममध्ये दत्तक गेलेली मुलं मोठी होऊन फ्रेंचमध्ये लिहू लागली, त्यांचं ते प्रकरण. अशीच एक बाई जन्मदेशात परत जाते. रस्त्यात सगळे तिला आपली समजून बोलायला येतात, आणि तिला त्या भाषेत पाणीसुद्धा मागता येत नाही. सर हे सांगत होते आणि मी मिरची चिरत होतो. मागच्या खेपेला इलामला गेलो तेव्हा बोलता बोलता माझ्या तोंडून 'बरं का' निघालं आणि आई माझ्याकडं पाहुण्यासारखी बघत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीचं, असं मी सरांना सांगितलं. त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

मग ते वर्ष आलं. फ्रेंचची एक कायमची जागा मंजूर झाली. अण्णांनी सरांना बोलावून सांगितलं की कॉलेजची तपासणी समिती येतेय, त्याच दिवशी एक आंतरराष्ट्रीय चर्चासत्र घडवून आणा, विषय तुमचाच ठेवा, फाइल मी स्वतः पुढं करतो. आंतरराष्ट्रीय म्हणजे व्यासपीठावर एक तरी परदेशी माणूस पाहिजे, नियमच तसा. सरांनी एका जुन्या विद्यार्थ्यामार्फत पुण्याजवळच्या कारखान्यातला एक कोरियन इंजिनिअर मिळवला. त्यानं यायचं कबूल केलं. त्या आठवड्यात सर जागेबद्दल कमी आणि त्या माणसाबद्दल जास्त बोलत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोरिया पाहिलेला माणूस भेटणार होता. त्यांनी विचारायच्या प्रश्नांची यादी केली होती. पहिला प्रश्न, तुमच्याकडची सकाळ खरंच शांत असते का.

फाटकावर भलं मोठं फ्लेक्स लागलं. अण्णांचा फोटो एवढा मोठा की आयफेल टॉवर त्यांच्या खांद्यामागून बुजगावण्यासारखा डोकावत होता. कोरिया म्हणून जो बर्फाचा डोंगर छापला होता तो जपानचा निघाला, हे वैष्णवीनं सांगितलं. कोपऱ्यात तिकिटाएवढे सर होते.

आणि चर्चासत्राच्या सकाळी निरोप आला की इंजिनिअरची रजा रद्द झाली. मला हे माहीत नव्हतं. मी कोबी चिरत होतो. अण्णांची गाडी येऊन थांबली, काच खाली गेली.

"ये बे, तुज्या पाटीवर काय लिवलंय?"

"चायनीज व कोरियन, अण्णा."

"मग? आंघोळ करून ये."

स्वतःच्याच पाटीत मी असा अडकलो. अर्ध्या तासात माझ्या अंगात अण्णांच्या पुतण्याचा कोट होता, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. डोक्यावर केशरी फेटा, छातीवर बिल्ला, मि. किम, कोरिया. अण्णांनी सूचना दिल्या. बोलायचं नाही. कोणी काही विचारलं की हसायचं आणि कमरेतून वाकायचं, ते लोक वाकतात. मी नाही म्हणालो नाही. खरं सांगतो, मला नाही म्हणायचंच नव्हतं. गाडी अण्णांच्या जागेवर उभी होती हे एक, पण मनात दुसरंच होतं. एक फोटो निघणार, सरांची फाइल पुढं जाणार. दवाखान्यातल्या त्या सतरा दिवसांची फेड करायची संधी मला दुसरी कुठली मिळणार होती?

सर मला व्यासपीठामागच्या खोलीत भेटले. आधी ओळखलंच नाही. मग फेट्याखाली वाकून त्यांनी माझा चेहरा पाहिला.

"तुमचं नाव काय?"

"मिस्टर किम, सर."

सर हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. मग एकदम थांबले आणि खुर्चीत बसले. मी घाईघाईनं सांगितलं की मला काही बोलायचं नाही, नुसतं बसायचंय, एक फोटो, कोणाला कळणार नाही, भाभींचा विचार करा, फाइलचा विचार करा. बोलता बोलता मी त्यांचे पाय धरले. कोटाची बाही मध्ये आली.

"तिलकभाई," सर म्हणाले, "त्या कादंबरीतली पोरगी झालात की तुमी. बोलायचं न्हाई, नुसतं बसायचं. आयुष्यभर मी त्या लेखकांना शिव्या दिल्या, आणि आज मीच लिहू व्हय ती कादंबरी?"

मी म्हणालो, "एक दिवस, सर."

ते म्हणाले, "तेबी पंधराच दिवस राहतात." आणि माझ्या छातीवरचा बिल्ला काढून त्यांनी खिशात टाकला. फेटा राहू दिला. म्हणाले, तो तुम्हाला शोभतो.

दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, नारळ झाले. माझ्याही मांडीवर एक नारळ आला. मग सर पाहुण्यांची ओळख करून द्यायला उठले. अण्णा फोनवर बोलत होते.

"मित्रहो, आपले कोरियन पाहुणे आलेले न्हाईत," सर म्हणाले. "या खुर्चीत बसलेत ते तिलक राई. गाव इलाम, देश नेपाळ. सातवी शिकलेत. फाटकाजवळ मंचुरियन करतात, तुमच्यातल्या निम्म्यांनी ते खाल्लंय. यांनी कोरिया पाहिलेला न्हाई. मीबी न्हाई. ज्यांच्याबद्दल मी बोलणार आहे त्यातल्या बऱ्याच जणांनी नीट पाहिला न्हाई. तेव्हा आज या व्यासपीठावर आपण सगळे एकाच लायकीचे आहोत."

वैष्णवीनं टाळी वाजवली, मग होस्टेलच्या सगळ्या पोरींनी. टाळ्या ऐकून अण्णांनीही फोन कानाला तसाच ठेवून मांडीवर एका हातानं टाळी वाजवली. त्याच क्षणी फोटो निघाला. मग सर माझ्याकडं वळून म्हणाले, "बोला." मला वाटलं व्यासपीठ फाटावं. मी उभा राहिलो आणि एवढंच म्हणालो की आमच्या इलामला सकाळी चहाच्या मळ्यात धुकं असतं, पण सकाळ शांत नसते, कारण माझ्या आईच्या कोंबड्या फार भांडतात. पोरी हसल्या. मी खाली बसलो. घाम फेट्यातून कानापर्यंत आला होता.

तोवर अण्णांच्या कानापर्यंतही सगळं आलं होतं. दुपारी समितीसमोर प्राचार्य कागद घेऊन उभे राहिले. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, परदेशी प्रतिनिधी कोण? प्राचार्य कागद चाळू लागले. अण्णा छताकडं बघत होते. सर म्हणाले, नेपाळचे हे एक आहेत. बाईंनी चष्मा वर केला. "नेपाळ परदेशच आहे ना?" एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी कोणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. मंचुरियनवाल्याचा देश परदेशात मोडतो, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मला खोलीवर पिटाळलं, मी ट्रंकेतून माझं नागरिकतेचं प्रमाणपत्र आणलं. बाईंनी त्याची झेरॉक्स लावून घेतली आणि लिहिलं, अट पूर्ण. खोट्याची गरजच नव्हती. खरं तेच नियमात बसत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात मथळा आला, 'कोरियन पाहुण्याने साधला मराठीतून संवाद'. बातमी चर्चासत्राच्या आदल्या संध्याकाळीच पाठवून झाली होती, संवाद तेवढा कोणीतरी नंतर घातला असावा. सरांनी कात्रण कापून घेतलं. म्हणाले, "प्रबंधाला परिशिष्ट लागत होतं, झालं."

मला वाटत होतं आता सगळं नीट होणार. चर्चासत्र आंतरराष्ट्रीय ठरलं, समिती खूश झाली. अण्णांनी गावभर सांगितलं की शेजारधर्म म्हणून नेपाळला बोलवायची कल्पना त्यांचीच. माझी गाडी कोणी हलवली नाही, उलट अण्णांचा ड्रायव्हर मिरचीचे नूडल्स नेऊ लागला. पण सरांना बोलावणं आलं तेव्हा अण्णा म्हणाले, मास्तर, भर सभेत तुमी आमचा पाहुणा खोटा पाडला. खरं बोलायला आमी पगार देत न्हाई. सर म्हणाले, "खोटं बोलायलाबी देत न्हाई, अण्णा. तासाचे देता." हे वाक्य सरांनी बोलायला नको होतं असं प्राचार्य आजही म्हणतात. मला विचाराल तर सरांनी ते बारा वर्षं आधी बोलायला हवं होतं.

जागेवर अण्णांच्या साडूचा जावई आला. तीन महिन्यांचा फ्रेंचचा दाखला त्याच्याकडं होता. मी रडकुंडीला आलो. गाडीसमोर उभं राहून म्हणालो, सर, हे माझ्यामुळं झालं, मी आंघोळच करायला नको होती. सर प्लेट पुसून खात होते. "कोरिया न पाहता कोरियावर लिहिता येतं," ते म्हणाले, "तर फ्रेंच न येता फ्रेंच शिकवता येणारच. तुमचा काय दोष? तुमी त्या दिवशी व्यासपीठावरचं सगळ्यात खरं वाक्य बोललात. कोंबड्यांचं." त्या जूनमध्ये त्यांना तासही मिळाले नाहीत. त्यांची मुलगी बारावीला होती. एका रविवारी ते पुण्याच्या बसमध्ये बसले. मी बांधून दिलेली प्लेट मांडीवर घेऊन बसले आणि खिडकीतून हात बाहेर काढून मला म्हणाले, गाडी उन्हात उभी आहे, तेल तापेल, जा.

आता ते पुण्यात एका कॉल सेंटरमध्ये आहेत. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या बायकांची धुण्याची मशीनं बंद पडली की फोन तिथं येतो आणि सर फ्रेंचमध्ये सांगतात कोणतं बटण दाबायचं. तिथंही पहिल्या दिवशी नाव दिलं. रेमी. रहीम म्हटलं की गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही, असं कंपनीचं म्हणणं. ज्यानं मला किम होऊ दिलं नाही त्या माणसाला रोज आठ तास रेमी व्हावं लागतं, हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. फोन करून म्हणालो, सर, सोडून द्या ते. ते म्हणाले, "पोरीची फी कोण भरंल, मिस्टर किम का?"

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला तो मात्र वेगळाच होता. ब्रसेल्सची एक म्हातारी. मशीन सुरू होईना, बाई फोन ठेवीना. तिनं विचारलं, तुम्ही कुठून बोलता? रेमीनं कंपनीनं ठरवून दिलेलं शहर सांगायचं असतं. सरांनी सांगितलं, अंबाजोगाई. बाईनं विचारलं, तिथं काय असतं? सर सांगत बसले. वडिलांचा फळांचा गाडा सांगितला, दवाखान्याची रांग सांगितली, एका बाईनं चप्पल हातात घेऊन नूडल्स खाल्ले ते सांगितलं, एक नेपाळी भाऊ आहे तेही सांगितलं. सगळं फ्रेंचमध्ये. वरून सुपरवायझर बघत होता, वेळ संपत होती, मार्क कापले जात होते. बाईनं एकदाही मध्ये तोडलं नाही. मशीन शेवटपर्यंत सुरू झालं नाही.

फोन ठेवताना ती म्हणाली, पुढच्या वेळी मला तुमच्याशीच बोलायचंय, कोणाला मागू?

"मग काय सांगितलं, सर?" मी विचारलं.

"सांगितलं, माझं नाव रहीम. पण फोनवर रेमी म्हणून मागा, न्हाईतर जोडून देणार न्हाईत."